ॲव्हरेज वाढवायचंय? मग एवढं कराच

पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून जो तो विचारतो, गाडी ॲव्हरेज किती देते. सांगतो, नीट ऐका.

पुण्यात अलका चौकात सिग्नलला उभे आहात, आकडा ९० दाखवतोय, तरी गाडी बंद करायची नाही हं! परत बटन दाबावं लागतं, अंगठ्याला किती त्रास. त्यापेक्षा घुर्र घुर्र रेस करत राहा, कार असेल तर हाफ क्लचवर झुलत बसा, वीतभर पुढे वीतभर मागे (क्लच प्लेट काय, मंडईत वाट्यावर मिळते). मग सुसाट सुटायचं आणि पुढचा सिग्नल लाल दिसतोय तरी पाय उचलायचा नाही, पार जवळ जाऊन कच्चकन ब्रेक. आधीच पाय उचलून गाडी आपसूक हळू करणाऱ्यांना, पेट्रोल जाळून आणलेला वेग ब्रेकच्या लायनरमधे घासून टाकायची मजा काय कळणार.

टायरमधे हवा भरू नका. पंपावर फुकट देतात म्हणजे नक्की काहीतरी खोट असणार.

बचत खरी राँग साइडला. यू-टर्न ४०० मीटर पुढे, म्हणजे जाऊन-येऊन ८००, पन्नासच्या ॲव्हरेजनं १६ मिली पेट्रोल, दीड-पावणेदोन रुपये. एवढे समोरून बसवर आदळून वाचवायचे. हेल्मेट डिकीतच ठेवा, स्क्रॅच पडतात.

आणि मोठी बचत करायचीय तर नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलात की नवले पुलापर्यंत उतारच उतार, टाका न्यूट्रल. आता कोणीतरी शहाणा सांगेल की गिअरमधे ठेवून पाय काढला तर हल्लीचं इंजेक्शनवालं इंजिन इंधन घेणंच थांबवतं, उलट न्यूट्रलला ते चालू राहायला थोडं पितंच, म्हणजे वाचत काहीच नाही, वर इंजिन गाडी धरत नाही म्हणून सगळा भार ब्रेकवर येतो न ते तापून लागेनासे होतात. अशांकडे दुर्लक्ष करा. काही ट्रकवाले तर इंजिनच बंद करतात, म्हणजे ब्रेकसाठी लागणारी हवा भरणंही बंद. बचत म्हणजे बचत.

परवा कॅबमधे पुढे बसलो होतो. बोगदा संपला तसा त्यानं खटकन न्यूट्रल केला न हसून म्हणाला, "सायेब, आता फुकटात." समोर लाल दिव्यांची रांग दिसत होती. नवले पूल येईपर्यंत मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक इतका जोरात दाबला की पायाखालची मॅट गोळा झाली.