हळदीकुंकवाची चिठ्ठी आणि ३ वर्षांचा तुरुंग

आई सध्या आमच्याकडे न्यू जर्सीत आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवायचं म्हणून तिने गल्लीतल्या चार घरी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. दुसऱ्याच दिवशी तिच्या भिशीच्या ग्रुपवर फॉरवर्ड: 'अमेरिकेत दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये बिनतिकिटाचा कागद टाकला तर ३ वर्षं तुरुंग, व्हिसा रद्द. प्रत्येक पेटीत कॅमेरा असतो. दारात ठेवलं तरी गुन्हा.' बाई रात्रभर जागी. सकाळी विचारते, "गुपचूप काढून आणू का गं?"

नशीब, विचारलं तरी! दुसऱ्याच्या पेटीत हात घालताना कुणी पाहिलं तर काय वाटेल? टपालचोरीला इथे ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

आता तो तुरुंग. बिनतिकिटाच्या कागदाचा कायदा १९३४चा, फेडरल दंडसंहितेचं कलम १७२५. त्यात शिक्षा फक्त दंडाची. कैद नाहीच. तोही जाणूनबुजून, टपालखर्च चुकवायला टाकलं तर. ३ वर्षं आहेत ती कलम १७०५ मध्ये, पेटीची मोडतोड करणाऱ्याला. कुणीतरी दोन्ही कलमं एकत्र कालवून खिचडी केली आणि ती आमच्या आईने खाल्ली. व्हिसाचा तर या कलमात उल्लेखही नाही. कॅमेऱ्याबद्दल काय बोलणार?

बरं, बंदी आहे, हे मात्र खरं. आणि दंड व्यक्तीला ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, हेही. पेटी आपण विकत आणायची, खांब आपण रोवायचा, आणि आत काय पडावं हे टपालखात्याने ठरवायचं! न्यूयॉर्कजवळच्या ग्रीनबर्गमधल्या नागरी संघटना याच मुद्द्यावर कोर्टात गेल्या होत्या. बिनतिकिटाची पत्रकं वाटण्याचा हक्क त्यांना हवा होता. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पेटी एकदा टपालासाठी लावली की ती टपालयंत्रणेचा भाग झाली. ती काही सार्वजनिक चव्हाटा नव्हे. मला हे पटत नाही, पण कायदा तोच आहे.

'दारात ठेवलं तरी गुन्हा' हे मात्र साफ उलटं. टपालखात्याच्याच नियमांत दाराला पाडलेली पत्रांची फट या बंदीतून वगळली आहे. पिझ्झावाल्यांचे कागद दाराच्या मुठीला लटकलेले दिसतात ते उगाच नाही.

हे ऐकून आईने बोटांवर हिशेब केला. कोपऱ्यावरच्या घराच्या दारालाच फट आहे. "म्हणजे गुन्हे तीनच झाले," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.