घाटावर आंघोळ केली म्हणजे फोटोला परवानगी दिली?

वहिनीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, ‘जनहितार्थ कायदेशीर माहिती’. त्यात ठोकून दिलंय की उघड्यावर खासगीपणा नसतो, म्हणून घाटावर, समुद्रावर कुणीही कुणाचाही व्हिडिओ काढू शकतो. बागेत जोडपं बिलगून बसलं तर थेट अटक, जामीन नाही. आणि लग्नाचा दाखला नसेल तर पोलीस हॉटेलातूनही उचलू शकतात. मंडळ निघालंय रामकुंडावर स्नानाला. वहिनी विचारते, “म्हणजे कुणी आमच्यावर मोबाइल रोखला तर आम्ही गप्प बसायचं?”

अजिबात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई हा मेसेज लिहिणाऱ्याने उघडूनही पाहिलेलं नाही. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण केलं किंवा ते पसरवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसती अंतर्वस्त्रं अंगावर असली तरी हे लागू होतं, आणि बाई असो की पुरुष. खासगीपणाचा भंग कधी होतो तेही त्याच कलमात सांगितलंय: आपलं अंग लोकांना दिसणार नाही अशी रास्त अपेक्षा जिथे असते तिथे, मग ती जागा सार्वजनिक असो वा खासगी. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना ‘उघड्यावर खासगीपणा नसतो’ हे कुठून आणलं? पदराआड लुगडं बदलणारी बाई शेजारणीच्या नजरेला हरकत घेत नाही, म्हणून कॅमेऱ्याला होकार देते होय? फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभात स्नान करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ टाकणाऱ्या सोशल मीडिया खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदवले, ते काय गंमत म्हणून?

एक मात्र कबूल करावं लागतं. घाटाचा, गर्दीचा साधा फोटो काढणं गुन्हा नाही. ओल्या साडीत उभ्या असलेल्या बाईचा फोटोही ६६ईमध्ये बसेलच असं नाही. पण अपमानाच्या हेतूने स्त्रीच्या एकांतात घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे आणि त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘कुणीही, कुणाचाही’ ही थाप ती थापच.

जोडप्यांचं थोडक्यात. न्याय संहितेचं कलम २९६ (जुन्या दंड संहितेतलं २९४) अश्लील कृत्याबद्दल आहे, बिलगण्याबद्दल नाही. शिवाय त्या कृत्याचा इतरांना उपद्रव झालेला असावा लागतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गुन्हा जामीनपात्र आहे. दिल्लीत एका विवाहित जोडप्यावर चुंबन घेतल्याचा असा गुन्हा लावला होता, तो तिथल्या उच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केला.

हॉटेलचा मुद्दा बहुधा ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतल्या मढच्या हॉटेलांवर पडलेल्या छाप्यांवरून उचललेला. तेव्हा पोलिसांनी खोल्यांतून जोडपी बाहेर काढून ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ म्हणून दंड केला हे खरं. पण त्यावरून इतकी ओरड झाली की पोलीस आयुक्तांना चौकशी लावावी लागली. बंद खोली सार्वजनिक कशी, याचं उत्तर मेसेजवाल्याने द्यावं. लग्नाचा दाखला खिशात ठेवा असं सांगणारा कायदाच नाही.

वहिनीला एवढंच कळवलंय: कुणी चित्रण करताना दिसला तर आरडाओरडा करा, ११२ लावा. गावी परतल्यावर लक्षात आलं तरी गावच्याच ठाण्यात जा. गुन्हा नाशिकच्या हद्दीतला म्हणून त्यांना तक्रार नाकारता येत नाही.