पिस्तुलाचा चाप घरी घासू नका

तालुक्यातल्या परवानाधारकांमध्ये आठवडाभर एक मेसेज फिरतोय: "स्ट्रायकरवाल्या पिस्तुलाचा चाप जड लागतो? घरीच आतले पार्ट पॉलिश पेपरने घासा, स्प्रिंगचं एक वेटोळं कापा. आत तीन सेफ्टी आहेत, काही होत नाही. चाप हलका तर नेम पक्का." स्ट्रायकर म्हणजे काडतुसाच्या बुडावर टोला मारणारी सुई. मी पोलिसांत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, आता गावी पराटी पाहतो. हे वाचून गप्प बसवेना.

सगळ्यात घातक गोष्ट 'तीन सेफ्टी'ची. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलात त्या तीन आहेत, हे खरं. पण चाप ओढला की जो ट्रिगर बार (चापाला जोडलेली पट्टी) मागे सरकतो, तोच स्ट्रायकरला धरून ठेवतो आणि तोच सेफ्टीचा प्लंजर, म्हणजे स्ट्रायकरला अडवणारी खुंटी, वर उचलतो. म्हणजे जे घासायला सांगताहेत, तीच सेफ्टी आहे.

मागच्या निवडणुकीत ठाण्यात जमा करण्याआधी एका शेतकरी भावाने त्याचं बत्तीस बोअरचं पिस्तूल दाखवायला आणलं. चाप लेथवाल्याकडून 'मऊ' करून घेतलेला. मॅगझिन काढलं, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) बोटाने चाचपला, स्लाइड उतरवली आणि स्ट्रायकर अंगठ्याने पुढे दाबला. प्लंजरने तो जागीच अडवायला हवा होता. टोक भोकातून बाहेर आलं. प्लंजरची धार घासून गोल झाली होती. हेच पिस्तूल चेंबर भरून, कमरेला लावून तो रात्री धुऱ्याने जागलीला जायचा. घरात दोन लेकरं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मोठ्या कारखान्यांचंही गणित इथे चुकतं. सिग सॉर कंपनीचं पी-320 पिस्तूल ठरावीक कोनात पडलं तर गोळी सुटायची. 2017 मध्ये कंपनीने चाप, सिअर (स्ट्रायकरला अडकवून ठेवणारा खटका) आणि स्ट्रायकर हलके करून बदलून द्यायला घेतले. काही ग्रॅमच्या वजनाने एवढा फरक पडतो, तिथे आपण अंदाजाने पेपर मारायचा?

स्ट्रायकरची स्प्रिंग कापली की टोला कमजोर बसतो आणि ऐन वेळेला गोळी न सुटता नुसतं 'टक' होतं. शिवाय शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. लेथवाल्याकडे तो नसतो.

राहिला नेम. ग्लॉकचा चाप कारखान्यातूनच साधारण अडीच किलोचा येतो आणि त्यावर उत्तम नेम लागतो. नेम बिघडतो तो झटक्याने. पुष्कळदा जडपणा मळाचा असतो: स्ट्रायकरच्या नळीत लोक तेल ओततात, त्यात आपली धूळ बसून चिखल होतो. ती नळी कोरडी ठेवा. मग ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न भरता सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा तपासलेला, समोर पक्की भिंत, चेंबरमध्ये डमी राऊंड, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस. चाप अडतो तिथपर्यंत या, थांबा, सरळ मागे दाबा. पुढच्या साइटवर (नळीच्या टोकावरच्या माशीवर) रुपयाचं नाणं ठेवा. ते पडेनासं झालं की चाप मऊ वाटायला लागतो. तरीही बदल हवाच असेल तर कंपनीचे पार्ट, आणि तेही परवाना असलेल्या गनस्मिथकडून.

आणि मेसेज वाचून कोणी आधीच घासलं असेल, तर भाऊ, आजच चेंबर रिकामा करा. गनस्मिथने तपासेपर्यंत त्यात राऊंड भरू नका.