मावशींचं नाव यादीत नव्हतं

आज दुपारी एका सत्कार समारंभाला जाऊन आलो आणि डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. आनंद एवढा झालेला की दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, दादा-वहिनी आणि पुतणीला गाडीत घातलं आणि वेळेआधी जाऊन बसलो. बाईंच्या पुरस्काराबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो त्यांना फार आधी मिळायला पाहिजे होता. राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा.

बाई एकट्या आल्या नव्हत्या, सोबत मावशींना घेऊन आल्या होत्या. मावशी म्हणजे आमच्या शाळेत पोषण आहार शिजवतात त्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरनं घेऊन, कडेच्या खुर्चीवर अवघडून बसलेल्या. बाईंचं नाव पुकारलं तसा बाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघी स्टेजकडं निघाल्या. पायरीपाशीच अडवलं. "मॅडम, फक्त सत्कारमूर्ती. यादीत यांचं नाव नाही." बाई म्हणाल्या, "एक फोटो तरी होऊ दे यांच्यासोबत." तर म्हणे वेळ नाही, मागं रांग आहे.

वेळ नाही! प्रमुख पाहुण्यांची वाट बघत फेटे बांधलेले शिक्षक दीड तास उकाड्यात बसले होते, तेव्हा वेळ होता. स्वागत, प्रास्ताविक, मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा नाव घेऊन गुच्छ, मग ज्यांचा शाळेशी काही संबंध नाही त्यांची मनोगतं, या सगळ्याला वेळ होता. एका बाईला चार पायऱ्या चढू द्यायला तेवढा वेळ नव्हता. मावशी काही बोलल्या नाहीत. माघारी येऊन खुर्चीवर बसल्या. माझी पुतणी उठली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

ती का जाऊन बसली ते सांगतो.

पुतणी पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. पोरगी शांत, वर्गात मागं मागं राहायची, हाक मारली तर कधी ओ द्यायची कधी नाही. घरात म्हणायचे तंद्री लागते, आजोबांवर गेलीय. वर्गात बाईंनाही वाटायचं, लक्ष नाही पोरीचं. वर्गभर पोरांत एकीचं लक्ष नसणं यात कुणाला काय विशेष वाटणार? मावशींना वाटलं. आमच्या शाळेचा व्हरांडा अरुंद आहे. दुसऱ्यांदा आमटी वाढताना मावशी बादली घेऊन पोरांच्या पाठीमागनं जातात आणि "वाढू का गं? वाढू का रं?" असं विचारत पुढं सरकतात. बाकीची पोरं मागं न बघताच ताट वर धरतात. ही पोरगी हलायचीच नाही. पुढनं येऊन तोंडाकडं बघून विचारलं की मात्र लगेच मान डोलवायची. मावशींनी आठवडाभर हे बघितलं. मग अंड्याचा वार आला, तेव्हा मुद्दाम तिच्या मागं उभ्या राहिल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "आज अंडी हायत बरं का." ओळीतलं प्रत्येक पोर वळलं. आमची पोरगी, जिला अंडं म्हणजे जीव की प्राण, ती भात कालवत राहिली.

त्याच दुपारी मावशी बाईंकडं गेल्या. "बाई, ह्या पोरीला ऐकू कमी येतंय. ती ध्यान देत न्हाई असं न्हाई. तिला कळतच न्हाई आपण बोलतोय ते."

कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेलं. दोन्ही कानांत, पडद्याच्या मागं पाणी साठलेलं. सारखी सर्दी होणाऱ्या लहान पोरांत हे होतं. कान दुखत नाही, फुटत नाही, बाहेरून काही दिसत नाही. पोराला सगळं पाण्याखालनं आल्यासारखं दबकं ऐकू येतं, आणि त्याला वाटतं जग असंच असतं. उपचार झाले, बरी झाली. आता तिसरीत आहे आणि परिपाठात ठणठणीत आवाजात बातम्या वाचते. लिहिता-वाचता यायच्या वयात ती दोन वर्षं तशीच गेली असती, तर "ढ" हा शिक्का बसून पोरगी कायमची मागं पडली असती. ते झालं नाही, कारण भात वाढणाऱ्या एका बाईनं नीट बघितलं.

आता पुरस्काराची पद्धत सांगतो, कारण शिक्षक नसलेल्यांना ती माहीत नसते. आदर्श शिक्षक व्हायचं तर शिक्षकानं स्वतःच प्रस्ताव सादर करायचा. आपण किती आदर्श आहोत हे आपणच लिहायचं. शिष्यवृत्तीचा निकाल, राबवलेले उपक्रम, लोकवर्गणी किती जमवली, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, पेपरातली कात्रणं, फोटो, वर दाखले आणि सह्या. राष्ट्रीय पुरस्कारालासुद्धा आता शिक्षकानंच ऑनलाइन अर्ज भरायचा. आमच्या बाई करायलाच तयार नव्हत्या. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, मागं लागले, सहकाऱ्यांनी फोटो गोळा केले, तेव्हा कुठं ती जाडजूड फाईल झाली. मी बघितलीय ती. एवढी पानं, पण मावशींनी सांगितलं आणि बाईंनी ऐकलं, ही गोष्ट त्यात कुठंच नाही. तिला रकानाच नाही. "काय नाव देणार?" बाई म्हणाल्या, "हा उपक्रम थोडाच आहे?"

हेच मला सलतं. दुसऱ्या कुणीही "तुम्ही भाताचं बघा, वर्गातलं मी बघते" म्हणून मावशींना वाटेला लावलं असतं. बाई संध्याकाळी चालत आमच्या घरी आल्या. वहिनींना घाबरवलं नाही, पोरीला काही जाणवू दिलं नाही, दवाखान्याच्या दिवशी स्वतः सोबत आल्या. माझ्या लेखी आदर्श शिक्षक म्हणजे हे. आणि हे कात्रणात येत नाही.

मान्य करतो, अर्ज बंद केले तर वशिल्याची नावं पुढं येतील. अर्जात निदान आडवाटेच्या शाळेतल्या शिक्षकाला तरी संधी मिळते, तेही खरं. पण म्हणून एखाद्या कष्टाळू माणसाला भर चौकात स्वतःच्याच गळ्यात हार घालून घ्यायला लावायचं? कौतुक करणं हे बघणाऱ्याचं काम आहे. न कळवता शाळेत या. पोरांच्या पंगतीला बसा. वह्या चाळा. गावात चार घरी जाऊन विचारा. गगनबावड्यातली एखादी वाडी असो नाहीतर शिरोळमधलं मोठं गाव असो, कोणते गुरुजी मनापासून शिकवतात आणि कोण नुसते माहित्या भरतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि माहित्या तरी किती भराव्यात माणसानं! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिनशैक्षणिक काम द्यायचं नाही. प्रत्यक्षात बाई मधल्या सुट्टीतही मोबाईलवर कुठली ना कुठली लिंक भरत असतात. वर फाईल करा, तर तुमचं कौतुक करू.

आता मावशींचं. केंद्र सरकारनं पोषण आहार शिजवणाऱ्या बाईसाठी मानधन ठरवलं 2009 मध्ये, महिन्याला 1000 रुपये, तेही वर्षातले 10 महिने. राज्य त्यात आपली भर घालतं, पण केंद्राचा तो आकडा तिथंच आहे. 2009 मध्ये गॅसची टाकी केवढ्याला होती आणि आज केवढ्याला आहे, ते वहिनींना विचारा. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मग मान तरी द्या की! पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, त्या हिशेबानं रोज पहाटे तांदूळ निवडायचा, मटकी भिजत घालायची, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची. आणि आमच्या शाळेत शिपाई नाही, म्हणून व्हरांडाही त्याच झाडतात. पोर आजारी पडलं तर तोंड धुवायला नेणाऱ्या त्याच.

ऑगस्ट 2019 आठवा. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा नदीची धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. हायवे पाण्याखाली, जिल्हा तुटलेला, माणसं शाळांमध्ये येऊन राहिलेली. आमच्या शाळेतही खालच्या गल्लीतली कुटुंबं होती. मावशींचं स्वतःचं घर त्याच गल्लीत, जोत्यापर्यंत पाणी आलेलं. त्या शाळेतच राहिल्या आणि रोज दोन्ही वेळचा भात त्यांनी केला. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर पूरग्रस्तांना मदत केल्याबद्दल गावात भरपूर सत्कार झाले. मावशींचं नाव त्या यादीतही नव्हतं.

लिहिता लिहिता राग जरा निवलाय. खरं सांगायचं तर त्या समारंभात बसलेल्या बहुतेक शिक्षकांबद्दल मला आदरच वाटला. चंदगडहून, आजऱ्याहून पहाटे निघून आलेले होते. एका गुरुजींची म्हातारी आई आली होती, लेकाला फेटा बांधलेला बघून सारखी डोळे पुसत होती. अशा माणसाच्या सत्काराला कोण नावं ठेवील? सत्कार व्हावेत, खूप व्हावेत. सरकारी शाळेचं कौतुक करायला माझी कधीच ना नाही. आपल्या कोल्हापुरात महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक रात्र-रात्र रांगेत थांबलेत, हे मी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. गुढीपाडव्याला "प्रवेश वाढवा" म्हणत गुरुजी दारोदार फिरतात तेव्हा मीही त्यांच्यासोबत फिरतो. इंग्रजी शाळेच्या बस गावात येतात, आणि तिथंही शिकवणारी चांगली माणसं आहेत, नाही म्हणत नाही. पण पोरगी मागनं हाक मारल्यावर वळत नाही, हे बघायला तिथं कुणी भात वाढत असतं का?

आणि हे कोल्हापूर आहे. 1917 मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड लावला. त्या काळात एक रुपया! महाराजांचं शिक्षणाचं सगळं काम कुणासाठी होतं? ज्यांना कुणी पायरी चढू देत नव्हतं त्यांच्यासाठी. 26 जूनला आपण जयंती करतो, मिरवणूक काढतो, दसरा चौकात पुतळ्याला हार घालतो. आणि त्याच महाराजांचा फोटो व्यासपीठावर लावून, त्याच्यासमोर एका बाईला पायरीवरनं माघारी पाठवतो. कुणालाच काही वाटलं नाही? सभागृह भरलेलं होतं की!

परत येताना गाडीत बाई आणि मावशी दोघी मागं बसल्या होत्या. बाईंनी आपली शाल मावशींच्या अंगावर घातली. मावशींनी ती काढून नीट घडी करून बाईंच्या पिशवीत ठेवली. "माझं काय नडलंय बाई, तुमचं झालं ते लई झालं." पुतणी मध्ये बसून सन्मानचिन्हावरचं नाव मोठ्यानं वाचत होती.

मी मात्र हे सोडणार नाही. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. म्हणजे शाळा आपली आहे आणि कौतुकासाठी आपल्याला कुणाच्या यादीची, परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. रात्री अध्यक्षांशी फोनवर बोललो. पुढच्या सभेत ठराव घेतोय की दरवर्षी स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला शाळेतल्या एका माणसाचा सत्कार गाव करणार. अर्ज नाही, फाईल नाही. नाव पालकांनी सुचवायचं, आणि का, ते पोरांसमोर उभं राहून सांगायचं. पहिलं नाव मावशींचं. का, ते दादा सांगणार आहे. तो चारचौघांत कधी बोलत नाही, पण यासाठी तयार झालाय.

मावशींना घरी सोडताना विचारलं, सत्काराला तुम्हाला काय द्यायचं, साडी की भांडं? त्या म्हणाल्या, "सैपाकखोलीचा पत्रा गळतोय, चुलीपाशीच पडतंय पाणी. तेवढं बघा पावसाच्या आत." उद्या सकाळी मी आणि दादा माप घ्यायला जाणार आहोत. गावातल्या, गावाबाहेर नोकरीला असलेल्या आणि या शाळेत शिकलेल्या सगळ्यांनी हातभार लावा. पत्रे आणि पाईप मी दुकानातनं खरेदीच्या भावात देतो, वेल्डिंगवाल्याचा आणि मजुरीचा खर्च तेवढा आपण मिळून करू.