सागा, मग शुकशुकाट, मग इब्सेन?

स्कँडिनेव्हियन साहित्याची ओळख करून देणारा एक ठरावीक मजकूर बरीच वर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, सांगाडा तोच राहतो. तो असा: व्हायकिंग लोकांनी सागा (म्हणजे घराण्यांच्या आणि वीरांच्या गद्य कथा) आणि एड्डा (जुन्या देवांच्या, वीरांच्या कथा सांगणारे ग्रंथ) लिहिल्या. त्यानंतर सहाशे वर्षं तिकडे काहीच घडलं नाही. मग १८७९ साली नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘बाहुलीचं घर’मधल्या नोराने नवऱ्याचं घर सोडून जाताना दार आपटलं आणि आधुनिक साहित्य सुरू झालं. भाषा म्हणाल तर सगळ्यांची एकच, फक्त नावं वेगळी. डेन्मार्कच्या परीकथाकार अँडरसनने लोककथा गोळा केल्या. आणि हे सगळं साहित्य उदास, कारण तिथे सहा महिने रात्र असते. मराठीत एक शेपूट जास्त: आपल्या नाटकात आधुनिकता आणली तीही इब्सेननेच.

दहा ओळींत हजार वर्षं बसवायची म्हटल्यावर कोंबाकोंब होणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवख्या वाचकाला यातली जवळजवळ प्रत्येक ओळ भलत्याच कपाटाकडे पाठवते. म्हणून एकेक घेऊ.

“व्हायकिंग लोकांनी सागा आणि एड्डा लिहिल्या.”

नाही लिहिल्या. व्हायकिंगांकडे रून नावाची लिपी होती, पण ती दगडावर, लाकडावर, हाडावर कोरायची. स्वीडनमधल्या रोक गावच्या नवव्या शतकातल्या शिळेवर साडेसातशेच्या वर रून आहेत, आणि त्यांचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासक अजून भांडताहेत. एवढा लांब मजकूर तिथे अपवादच. वासराच्या कातड्यावर शाईने लिहिलेलं पुस्तक आलं ते चर्चबरोबर. आइसलँडने इ. स. १०००च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्या देशाचा इतिहास आइसलँडिक भाषेत आरी थॉर्गिल्सनने लिहिला तो बाराव्या शतकात. आणि ज्या सागांची नावं आपल्या कानावर असतात, एगिलची, न्यालची, लाक्सदालच्या माणसांची, त्या तेराव्या शतकातल्या. म्हणजे ज्यांच्या मारामाऱ्या त्यांत रंगवल्यात ती माणसं जाऊन दोन-तीनशे वर्षं झाली होती. लिहिणारे ख्रिस्ती होते, आणि त्यांना कायद्याचा भारी नाद. न्यालच्या सागेत कुऱ्हाडी जितक्या चालतात तितकेच खटलेही चालतात. पहिल्यांदा वाचणारा या कोर्टकचेरीत हमखास अडकतो.

एड्डाची गोष्ट तर आणखी मजेची. स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) हा आइसलँडचा बडा जमीनदार आणि मुरलेला राजकारणी. आल्थिंग या तिथल्या लोकसभेत तो दोनदा कायदेवाचक, म्हणजे सभेपुढे कायदे म्हणून दाखवणारा अधिकारी, झाला. त्याने १२२०च्या सुमारास एड्डा रचली ती धर्मग्रंथ म्हणून नव्हे, होतकरू कवींना हाताशी असावी म्हणून. जुने कवी सोन्याला सोनं म्हणत नसत, ‘सिफचे केस’ म्हणत. नव्या पोरांना ही कोडी सुटेनात, कारण मागच्या देवकथाच विसरल्या जात होत्या. मग स्नोरी सांगतो: लोकी या खोडकर देवाने थोर नावाच्या देवाच्या बायकोचे, सिफचे, केस कापले, थोरने दम भरल्यावर तो बुटक्या कारागिरांकडून सोन्याचे केस घडवून घेऊन आला, म्हणून सोनं म्हणजे सिफचे केस. अलंकारशास्त्राची टीप द्यायची म्हणून अख्खी पुराणं तगली, असा हा प्रकार. प्रस्तावनेत ख्रिस्ती माणसाला शोभेल असा खुलासाही आहे: हे देव म्हणजे मुळात ट्रॉयहून आलेली माणसं! सप्टेंबर १२४१मध्ये नॉर्वेच्या राजाच्या बाजूच्या लोकांनी स्नोरीला रेकहोल्टच्या त्याच्या घरी तळघरात गाठून मारलं. ‘वार करू नका’ हे त्याचे शेवटचे शब्द, त्याचा पुतण्या स्टुर्ला याने लिहून ठेवलेले.

पद्यातली एड्डा, म्हणजे देवांच्या आणि वीरांच्या जुन्या कवितांचा संग्रह, वेगळी. ती मुख्यतः एका हस्तलिखितामुळे आपल्याला ठाऊक आहे. ते १२७०च्या आसपासचं, हातात मावेल एवढंच. पाठपोट लिहिलेली ४५ पानं उरलीत; आठ गहाळ आहेत, आणि तीही सिगुर्द या वीराची गोष्ट ऐन रंगात आलेली असताना. १६४३ साली ते एका आइसलँडिक बिशपच्या हाती लागलं, १६६२ साली डेन्मार्कच्या राजाला नजर झालं आणि तीनशे वर्षं कोपनहेगनमध्ये पडून राहिलं. २१ एप्रिल १९७१ला डॅनिश नौदलाच्या जहाजातून ते रेक्याविकला परत आलं, तेव्हा एका पुस्तकाला उतरवून घ्यायला धक्क्यावर हजारो माणसं उभी होती.

“मग सहाशे वर्षं काहीच घडलं नाही.”

नॉर्वेपुरतं यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करून टाकतो. १३४९–५०च्या प्लेगने त्या देशाचं कंबरडं मोडलं, पुढे कारभार डेन्मार्कच्या हाती गेला, आणि पहिला छापखाना यायला १६४३ साल उजाडलं. (आइसलँडसारख्या उजाड बेटावर तो शंभर वर्षं आधीच खडखडत होता.) पण एक खण रिकामा दिसला म्हणून सगळं कपाटच रिकामं म्हणायचं, ही कुठली रीत?

डेन्मार्कच्या साक्सोने १२००च्या सुमारास लॅटिनमध्ये डेन लोकांचा इतिहास लिहिला. त्यात आम्लेथ नावाचा राजपुत्र आहे. काकाने बापाला मारून आईशी लग्न लावलंय, आणि हा वेडाचं सोंग घेतो. शेक्सपिअरचा हॅम्लेट इथूनच आला, पुढचं सांगायला नको. स्वीडनच्या बिर्गिताचे (१३०३–१३७३) साक्षात्कार युरोपभर वाचले गेले. बायबलचा नवा करार स्वीडिशमध्ये १५२६ला आला, आइसलँडिकमध्ये १५४०ला, फिनिशमध्ये १५४८ला. तो फिनिशमध्ये आणणाऱ्या मिकाएल आग्रिकोलाने त्या भाषेचं लेखी रूपच घडवलं. १५९१ साली वेडेलने शंभर डॅनिश कथागीतं छापून काढली. आणि डॅनिश राजाची मुलगी लिओनोरा क्रिस्टिना नवऱ्याच्या राजद्रोहापायी १६६३ ते १६८५ अशी बावीस वर्षं कोपनहेगनच्या निळ्या बुरुजात कैदेत होती. तिथल्या दिवसांची तिने लिहिलेली आठवण आज डॅनिश गद्याचा मानबिंदू मानली जाते. ती छापली गेली १८६९मध्ये! लिहिणारी लिहीतच होती, वाचणाऱ्यांपर्यंत पोचायला दोन शतकं लागली.

याद्या पुरे. लुडविग होलबर्गकडे मात्र थांबायलाच हवं. १७२२ साली कोपनहेगनमध्ये डॅनिश भाषेतल्या नाटकांसाठी थिएटर उघडलं आणि या प्राध्यापकाने त्यासाठी एकामागून एक प्रहसनं पाडायला सुरुवात केली. त्यातलं ‘एरास्मुस मोंतानुस’ बघा. रास्मुस बर्ग हा शेतकऱ्याचा पोरगा राजधानीत शिकून गावी परततो, येताना नावाचं लॅटिन करून आणतो, आणि भेटेल त्याच्याशी वाद घालतो. आईलाही सोडत नाही. दगड उडू शकत नाही. आई, तू उडू शकत नाहीस. सबब तू दगड आहेस. बिचारी नीले खरंच रडायला लागते. मग चिरंजीव उदार होतात: दगड बोलू शकत नाही, तू बोलतेस, सबब तू दगड नाहीस. माउलीचा जीव भांड्यात पडतो. इथवर आपण पोराला हसतो. पण गाव त्याच्यावर उलटतं ते पृथ्वी गोल आहे म्हटल्यामुळे. होणारा सासरा लग्न मोडायला निघतो, शेवटी रास्मुसला फसवून सैन्यात ओढलं जातं, आणि मार खाल्ल्यावर तो कबूल करतो की पृथ्वी धिरड्यासारखी चपटी आहे. आता हसायचं कुणाला? मूर्ख वागणारा माणूस बरोबर बोलतोय आणि शहाणं गाव चुकतंय. तीनशे वर्षांपूर्वीचं हे नाटक ‘काहीच घडलं नाही’ या खात्यात टाकणाऱ्याने ते वाचलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

“भाषा सगळ्यांची एकच.”

डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन वाचणाऱ्यांना एकमेकांचं पुष्कळसं कळतं, हे खरं. आइसलँडिक त्यांनाही शिकावी लागते. फिनिश तर त्या कुळातलीच नाही, तिचं लांबचं नातं हंगेरियनशी. उत्तर टोकाला राहणाऱ्या सामी लोकांच्या भाषा तिच्या बाजूच्या. नॉर्वेत लेखी भाषाच दोन. एक डॅनिशमधून घडत गेलेली. दुसरी इवार ओसेनने खेड्यापाड्यांतल्या बोली गोळा करून उभी केलेली, जिला १८८५ साली संसदेने बरोबरीचा दर्जा दिला. २०२३चं नोबेल मिळालेले युन फोसे या दुसरीत लिहितात. फिनलंडमध्ये कायानी गावचा सरकारी डॉक्टर एलियास लोनरोट याने गाणी जमवून फिनिशमध्ये ‘कालेवाला’ उभं केलं, १८४९च्या आवृत्तीत २२,७९५ ओळींचं. पण त्याच देशाचं राष्ट्रगीत मुळात स्वीडिशमध्ये लिहिलं गेलं.

सगळी गफलत इथूनच होते. आजच्या देशांची पाटी लावून खण पाडले की होलबर्ग कुठे ठेवायचा? जन्म नॉर्वेच्या बर्गनचा, लेखन कोपनहेगनमध्ये, आणि दोघेही त्याला आपला म्हणतात. १८१४पर्यंत ते एकच राज्य होतं. त्याला डॅनिश खणात टाकला की नॉर्वेचं अठरावं शतक ओकंबोकं दिसतं, मग कुणीतरी म्हणतं, बघा, शुकशुकाट!

“नोराने दार आपटलं आणि आधुनिक साहित्य सुरू झालं.”

दार आपटलं ते कोपनहेगनमध्ये, रॉयल थिएटरच्या रंगमंचावर, २१ डिसेंबर १८७९ला. पुस्तक आधीच त्याच शहरातल्या ग्युल्डेन्डाल या प्रकाशकाने काढलं होतं, पहिली आवृत्ती ८,००० प्रतींची. लेखक नॉर्वेजियन, पण १८६४पासून मुक्काम इटली आणि जर्मनीत.

आणि त्याच्या आधीची पंचवीस वर्षं? १८५४–५५मध्ये नॉर्वेच्या कामिला कोलेटने मुलींची लग्नं कशी लावून दिली जातात यावर कादंबरी लिहिली. १८५६मध्ये स्वीडनच्या फ्रेडरिका ब्रेमरची ‘हेर्था’ आली. तेव्हा तिथे अविवाहित बाई कितीही मोठी झाली तरी कायद्याने अज्ञानच. या कादंबरीवरून रान उठलं आणि दोन वर्षांत कायदा सैल करायला सुरुवात झाली. १८७१मध्ये समीक्षक गेओर्ग ब्रांडेसने कोपनहेगन विद्यापीठातल्या व्याख्यानांत ठणकावलं की जिवंत साहित्य प्रश्नांना चर्चेत ओढतं. त्याची किंमत म्हणून प्राध्यापकाची जागा त्याला नाकारली गेली. इब्सेन या रांगेत उभा आहे. त्याचं मोठेपण मला कमी करायचं नाही, रांग तेवढी दाखवायचीय.

खुद्द नोराही हवेतून आलेली नाही. लाउरा किलर नावाच्या तरुण लेखिकेने इब्सेनच्या ‘ब्रांड’ या नाटकाला उत्तर म्हणून १८६९मध्ये पुस्तक लिहिलं होतं, त्यावरून त्यांची ओळख. पुढे नवऱ्याच्या क्षयावर उपचार व्हावेत म्हणून तिने गुपचूप कर्ज काढलं, फेडता येईना तेव्हा खोटा कागद केला, आणि उघडकीला आल्यावर नवऱ्याने तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात केली. ती त्यातून बाहेर आली आणि लिहीत राहिली. नोरा म्हणून ओळखलं जाणं मात्र तिला जन्मभर डाचलं.

जर्मनीत एका नटीने असला शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करू म्हणून इब्सेनने नाइलाजाने पर्यायी शेवट लिहून दिला: नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी खचून बसते आणि राहते. तो स्वतः याला रानटीपणा म्हणायचा. काही जर्मन प्रेक्षकांना दाराचा आवाज ऐकूच आला नाही तो असा.

“अँडरसनने लोककथा गोळा केल्या.”

ते काम नॉर्वेत अस्ब्यर्नसन आणि मू या जोडीने केलं, १८४०च्या दशकात. अँडरसनने काही कथा लहानपणी ऐकल्या होत्या, पण त्याच्या दीडशेहून जास्त कथांपैकी बहुतेक त्याच्या स्वतःच्या. १८३५च्या पहिल्या पुस्तकाच्या नावात ‘मुलांसाठी’ असं होतं, ते त्याने काही वर्षांत काढून टाकलं.

“सहा महिने रात्र, म्हणून उदास.”

कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो ही सगळी शहरं आर्क्टिक वृत्ताच्या खाली आहेत; हिवाळ्यात सूर्यच न उगवण्याचे दिवस त्या वृत्ताच्या वर येतात. डिसेंबरातही सहा-सात तास उजेड असतो. स्टॉकहोममध्ये बेलमन या कवीने १७९०मध्ये जी गाणी छापली त्यांतली पुष्कळशी गुत्त्यातली आहेत. आणि ‘बाहुलीचं घर’ इब्सेनने बरंचसं लिहिलं ते १८७९च्या उन्हाळ्यात अमाल्फीला, त्याचं पुढचं नाटक ‘भुतं’ सोरेंतोला. दोन्ही गावं दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर, लिंबांच्या बागांत.

“मराठी नाटकात आधुनिकता इब्सेनने आणली.”

इब्सेनची छाया आपल्या नाटकांवर होती, त्यावर वाद नाही. पण नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं, जिथून आपल्याकडे नव्या नाटकाची सुरुवात सांगितली जाते, ते श्री. वि. वर्तकांनी बेतलं होतं ब्यर्नसनच्या ‘हातमोजा’वरून. ब्यर्नस्यर्न ब्यर्नसन हा इब्सेनचा समकालीन, मित्र, अधूनमधून वैरी, पुढे व्याही. नॉर्वेचं राष्ट्रगीत त्याचं, १९०३चं नोबेलही त्याला; इब्सेनला ते कधी मिळालं नाही. त्याच्या नाटकात स्वावा नावाच्या मुलीला कळतं की होणाऱ्या नवऱ्याचं आधी एक प्रकरण होऊन गेलंय. ती विचारते की लग्नाआधीच्या शीलाचा नियम फक्त मुलींनाच का, आणि हातमोजा काढून त्याच्या तोंडावर फेकते. नोरा मराठीत आली ती नंतर, अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मधून. तोवर स्वावाचा हातमोजा इथे येऊन पडलेला होता.