काढा नव्हे, दारूच

परवा बाबांनी फोनवर विचारलं, “ते शार्त्रूज म्हणून काही असतं, ते कुठे मिळेल गं?” बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यात बिअरही चाखलेली नाही. रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज चालू. मी दचकलेच. मग कळलं, ‘युरोपातील संन्याशांचे दिव्य काढे’ नावाचा फॉरवर्ड त्यांच्यापर्यंत पोहोचलाय. लिकर (वनस्पती-फळांचा स्वाद असलेलं गोड मद्य) आणि अपेरितीफ (जेवणाआधी घ्यायचं मद्य) ही दारू नसून मठांत जन्मलेली वनौषधी आहे, जेवणानंतर दोन चमचे घेतल्यास पचन सुधारतं, सर्दी-मलेरिया पळतो, आणि ‘डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’. तोच मजकूर मला आणखी तिघांकडून आला, म्हणून हे लिहितेय.

आधी मठांचं बघू. शार्त्रूज या फ्रेंच लिकरपुरतं हे खरं आहे, मान्य. 1605 साली एका फ्रेंच सरदाराने पॅरिसजवळच्या कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंना एका अर्काचं हस्तलिखित दिलं, पुढच्या शतकात ते आल्प्समधल्या त्यांच्या मुख्य मठात पोहोचलं, आणि तिथे तयार झालेला अर्क खरोखर औषध म्हणूनच विकला जाई. आजही ही लिकर त्याच भिक्षूंच्या देखरेखीखाली बनते. फॉरवर्डमधला 130 वनस्पतींचा आकडाही बरोबर. पण पाककृती इतकी गुप्त की ती पूर्ण ठाऊक असलेले भिक्षू दोन-तीनच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मात्र त्यातली कुठली वनस्पती यकृतावर काम करते हेही ठाऊक! शिवाय हिरव्या शार्त्रूजमध्ये अल्कोहोल 55 टक्के असतं. व्हिस्कीत साधारण 40. काढा पाण्यात उकळतात. इथे अल्कोहोल वापरलं कारण वनस्पतींतली सुगंधी तेलं त्यात चांगली उतरतात आणि अर्क टिकतो. त्या काळच्या वैद्याला तेवढंच हवं होतं.

फॉरवर्डच्या यादीतलं दुसरं नाव बेनेडिक्टीन. इथे तर हसूच आलं. ‘1510 पासून साधूंनी जपलेला वारसा’ म्हणे. ही लिकर 1863 मध्ये नॉर्मंडीतल्या फेकाँ गावच्या अलेक्सांद्र ल ग्रां या वाइनच्या व्यापाऱ्याने बाजारात आणली. घरात जुनं हस्तलिखित सापडलं, त्यात सोळाव्या शतकातल्या एका भिक्षूची कृती होती, ही गोष्ट त्यानेच पसरवली. गावातला मठ फ्रेंच राज्यक्रांतीत बंद पडलेला, म्हणजे ‘असं काही नव्हतं’ म्हणायला कुणी उरलंच नव्हतं. बाटलीवर त्याने बेनेडिक्टाइन भिक्षूंची लॅटिन आद्याक्षरं छापली आणि कारखान्यासाठी राजवाड्यासारखी इमारत बांधली. माणूस जाहिरातीत पटाईत होता, हे मान्य करायलाच हवं. दीडशे वर्षांपूर्वीची जाहिरात आज आपण आरोग्याचा सल्ला म्हणून पुढे ढकलतोय.

आता पचन. बाबा याच मुद्द्याला भुलले. 2010 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये झुरिकच्या डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला. वीस निरोगी माणसांना चीज फाँड्यू, म्हणजे वितळलेल्या चीजचं भरभक्कम जेवण दिलं. सोबत कधी व्हाइट वाइन, कधी काळा चहा. नंतर कधी चेरीची कडक दारू, कधी पाणी. ‘जड जेवणावर घोटभर दारू हवीच’ या समजुतीचीच ही परीक्षा. निकाल उलटा लागला: अल्कोहोल घेतल्यावर पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागला. अपचनाचा त्रास वाढला नाही, हेही त्यात आहे, पण ती माणसं धडधाकट होती. पचनाला वेग येतो म्हणून जे प्यायचं, ते पोटातलं अन्न पुढे सरकायला उशीर लावतं. वाइन काय, चेरीची दारू काय, काम करत होतं ते अल्कोहोल. वर 130 वनस्पती घातल्याने ते कुठे जात नाही.

जेवणाआधीच्या कडू अपेरितीफने भूक लागते, हे मात्र अगदीच खोटं नाही. जेन्शियनच्या मुळीसारख्या कडू चवीने तोंडाला पाणी सुटतं, आणि जेवणाआधी अल्कोहोल घेतलं तर माणसं थोडं जास्त खातात. पण ज्यांना वजन कमी करायचंय त्यांच्यासाठी म्हणून हाच फॉरवर्ड अपेरितीफ सुचवतो!

जिन-टॉनिक आणि मलेरिया. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं, बरोबर. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे ते लिटरमागे जास्तीत जास्त 83 मिलिग्रॅमच्या आसपास असू शकतं. मलेरियावर मोठ्या माणसाला क्विनाइन द्यायचं तर सुमारे 600 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. हिशेब करा: रोज एकवीस लिटरांहून जास्त टॉनिक. जिन बाजूलाच ठेवा.

‘सर्दीत ब्रँडीने ऊब येते’ हे वाक्य त्या मजकुरात लहान मुलांसाठी लिहिलंय, आणि तिथे माझा पारा चढला. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून गरम वाटतं, पण त्याच वाटेने शरीराची उष्णता बाहेर जाते. मुलांना एक थेंबही देऊ नका. बर्फात अडकलेल्यांना ब्रँडी पाजणाऱ्या सेंट बर्नार्ड कुत्र्याचं चित्र पुरावा म्हणून जोडलंय. गळ्यातलं ते पिंप लोकप्रिय झालं एडविन लँडसीर या चित्रकाराच्या 1820 च्या चित्रामुळे.

बाकीचं झटपट. निळी क्युरासाओ ही लिकर निळ्या संत्र्यांची नसते. संत्र्याची साल खरी, निळा रंग वरून घातलेला. अ‍ॅबसिंथ या कडक दारूने ‘दिव्यदृष्टी’ येत नाही. युरोपात तिच्यावर बंदी येण्यापूर्वीच्या तेरा बाटल्या तपासून 2008 मध्ये निकाल छापला गेला, त्यात वर्मवुड या कडू वनस्पतीतलं थुजोन हे रसायन (भास यामुळेच होतात असं म्हणतात) लिटरला सरासरी 25 मिलिग्रॅम निघालं. भास व्हावेत इतकं ते नाही, आणि अ‍ॅबसिंथमध्ये अल्कोहोल 70 टक्क्यांपर्यंतही असू शकतं. ‘मधुमेहींनाही चालते’ हे तर कहरच: युरोपच्या नियमात लिकर म्हणवून घ्यायलाच लिटरमागे साधारणपणे किमान 100 ग्रॅम साखर लागते.

राहिलं ते ‘डॉक्टर सांगणार नाहीत’. बाबांचे डॉक्टर दर वेळी विचारतात, “दारू घेता का?” त्या गोळीवर असताना दारूने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून विचारतात. मी बाबांना म्हटलं, समजा तुम्ही हे रोज दोन चमचे घेत असता, तर डॉक्टरांना काय सांगितलं असतं?

बाबा जरा थांबले. “नाही म्हणूनच सांगितलं असतं गं,” म्हणाले. “काढा म्हणजे काय दारू?”