पॉइंट टू-टू (.२२ बोअर) मॅच काडतुसांबद्दलच्या तुमच्या दोन स्टारांच्या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार.

तुमच्या तक्रारी तीन आहेत. आम्ही महागडं मॅच (स्पर्धेचं) काडतूस गळ्यात मारलं आणि ५० मीटरवर त्याचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पसारा, तुमच्या जुन्या स्वस्त काडतुसापेक्षा मोठा आला. १०० मीटरसाठी हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचं काडतूस मागितलं, तर काउंटरवरून ‘नका घेऊ’ असं उत्तर आलं. आणि रिकामी टरफलं पुन्हा भरायचं सामान विचारलं, तेव्हा ‘ते होत नाही’ यापलीकडे कोणी काही बोललं नाही.

पहिल्या तक्रारीत आमची चूक आहे, ती आधी सांगतो. बिलाची प्रत काढून पाहिली. चार पेट्यांपैकी दोन एका लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या एका खेपेच्या, आणि दोन दुसऱ्या लॉटच्या दिल्या गेल्या, आणि तसं तुम्हाला सांगितलंही नाही. मॅच काडतूस विकताना हे व्हायला नको होतं. पेटीवरचं नाव तेच असलं तरी लॉट बदलला की काडतूस बदललं असं समजायचं. दारूचा घाणा वेगळा, रिममधला (टरफलाच्या बुडाच्या कडेतला) पेट देणारा मसाला वेगळ्या दिवशीचा, यंत्राची जुळणी वेगळी. एले कंपनीच्या पेटीवर लॉट क्रमांकासोबत त्या लॉटचा वेगही फूट प्रति सेकंदात छापलेला असतो, तो यासाठीच.

तुम्ही टाकलेला टार्गेटचा फोटो नीट पाहिला. ग्रुप उभा पसरलाय, सुमारे २२ मिलिमीटर उंच आणि जेमतेम ९ मिलिमीटर रुंद. वाऱ्याने तो आडवा पसरला असता. श्वास चुकला तरी उभा पसारा येतो, पण तुम्ही बेंचवरून, पुढे-मागे बॅगा लावून मारल्याचं लिहिलंय, म्हणून संशय वेगाच्या फरकावर जातो. हिशोब सोपा आहे. गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाने सुटते, ५० मीटरला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती १२ सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला की टार्गेटवर ७-८ मिलिमीटर वर-खाली होतं. दहा गुणांचं वर्तुळच मुळात १०.४ मिलिमीटरचं. दोन लॉट एकाच कागदावर मारले तर असं चित्र दिसू शकतं.

पण सगळं आमच्याच माथी येत नाही. ‘पाच जुनी, पाच नवी, परत पाच जुनी’ अशी तुलना केल्याचं तुम्ही लिहिलंय. पॉइंट टू-टूची गोळी उघडी असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीससारखा थर असतो. प्रत्येक कंपनीचा हा थर वेगळा. बॅरलमध्ये एकाचा थर बसलेला असताना दुसऱ्याच्या पहिल्या दहाएक गोळ्या कुठेही जातात. पाच-पाचने बदलत गेलात, म्हणजे एकही काडतूस स्वतःच्या थरावर चाललं नाही. त्या कागदावरून कुठलं काडतूस वाईट, हे आम्हालाही सांगता येणार नाही आणि तुम्हालाही.

चाचणी अशी करा. आधी मागच्या बाजूने, म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरकडून, बॅरल साफ करा. चेंबर जिथे संपतो तिथे काजळीचं टणक कडं जमतं, ते ब्राँझच्या ब्रशशिवाय सहसा निघत नाही आणि ते असलं की अधूनमधून एखादी गोळी विनाकारण भरकटते. स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू कारखान्याने दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचने कसा. हाताच्या अंदाजाने कसू नका. दुर्बिणीचे माउंटही तपासा. मग एका लॉटची ५० ची एक पेटी घ्या. पहिल्या दहा गोळ्या कडेच्या कागदावर मारून थर बसवा, त्या मोजू नका. उरलेल्या ४० चे दहा-दहाचे चार ग्रुप. पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबाने सुरेख येतो आणि फसवतो, दहाचा सहसा फसवत नाही. सर्वात दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा, त्यातून ५.६ मिलिमीटर वजा करा आणि चारही ग्रुपची सरासरी धरा. चारांतला सगळ्यात देखणा कागद मित्रांना दाखवायला ठेवा, निर्णय सरासरीवर घ्या. वरळीसारख्या समुद्राकाठच्या जागी दुपारी खारा वारा जोर धरतो, म्हणून हे काम सकाळी उरका.

या चाचणीत स्वस्त काडतूस जिंकलं तर तेच घ्या, आम्ही आनंदाने देऊ. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकल्यापासून ‘तो वापरतो तेच द्या’ म्हणणारे बरेच येतात. पण एखाद्याच्या बॅरलला मानवलेला लॉट तुमच्या बॅरलला मानवेलच असं नाही. किंमत जास्त म्हणजे गोळी-गोळीतला फरक कमी असण्याची शक्यता जास्त, इतकंच.

आता हाय व्हेलॉसिटी. ५० मीटरवर झिरो केलेलं (नेम जुळवलेलं) स्टँडर्ड, म्हणजे साध्या वेगाचं काडतूस १०० मीटरला सुमारे १८ ते २० सेंटिमीटर खाली लागतं. हाय व्हेलॉसिटीने त्यातले काही सेंटिमीटर वाचतात, पण उतार दर वेळी तेवढाच असतो आणि दुर्बिणीच्या क्लिकने भरून निघतो. वारा तसा भरून निघत नाही. ३७५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास सुटलेली गोळी वाटेतच ध्वनीच्या वेगाखाली येते आणि ध्वनीच्या वेगाजवळच्या त्या टप्प्यात हवेचा अडथळा बराच जास्त असतो. वाऱ्याने गोळी किती सरकणार हे तिच्या नुसत्या वेगावर ठरत नाही, वाटेत तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरतं. म्हणून जोरात सुटलेली पॉइंट टू-टू वाऱ्यात संथ गोळीपेक्षा जास्त सरकते. १०० मीटरवर कागद मारायचा असेल तर स्टँडर्डच घ्या. काउंटरवरचं उत्तर बरोबर होतं, त्याचं कारण सांगायला हवं होतं.

तुम्ही ज्या परदेशी व्हिडिओंचा उल्लेख केलाय, त्यांत ३०० मीटरवर खारी मारणारी रायफल पॉइंट टू-टू-थ्रीची असते. बोअर जवळजवळ सारखा, पण टरफल १५ ऐवजी ४५ मिलिमीटर लांब आणि ३.६ ग्रॅमची गोळी हजार मीटर प्रति सेकंदाच्या जवळपास सुटते. दोन्हींना ‘बावीस’ म्हणून एकाच पंक्तीत बसवू नका. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तशी शिकार इथे करता येत नाही.

रीलोडिंग तिकडच्या सेंटरफायर काडतुसांचं होतं. तिथे टोपी, म्हणजे दारू पेटवणारी कॅप, टरफलाच्या बुडाशी मधोमध असते, ती काढून नवी बसते. दारू तोलता येते, गोळी किती खोल बसवायची ते ठरवता येतं. पॉइंट टू-टूमध्ये टोपीच नाही. मसाला पोकळ रिममध्ये भरलेला असतो आणि पिनेने ती रिम चेपली की टरफल संपलं. ते पुन्हा भरायच्या नादाला कृपया लागू नका, मसाला हाताळताना बोटं जातात. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. तुमचा शस्त्र परवाना त्यासाठी चालत नाही. रीलोडर जे दारू आणि गोळी जुळवून मिळवतो, ते पॉइंट टू-टूवाल्याला लॉट निवडूनच मिळवावं लागतं.

साठवणीचंही बघा. पेट्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि एसीतून काढलेला डबा रेंजवर लगेच उघडू नका, पावसाळ्यात तर नाहीच. काडतुसांवर दव धरतं.

यापुढे प्रत्येक बिलावर लॉट क्रमांक लिहिला जाईल आणि सांगितल्याशिवाय दोन लॉट एकत्र दिले जाणार नाहीत. उघडलेली पेटी परत घेता येत नाही, पण ज्या पेट्यांचं सील शाबूत आहे त्या परवान्यावर रीतसर नोंद करून एकाच लॉटमध्ये बदलून देऊ. त्याआधी हव्या त्या तीन लॉटची एकेक पेटी चाचणीसाठी घेऊ शकता, जो लॉट जमेल त्याचा पुढचा साठा आम्ही तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवू. येताना परवाना, सीलबंद पेट्या आणि त्या दिवशीचे सगळे कागद घेऊन या, खराब ग्रुपचेसुद्धा.